सत्त्याऐंशी नंबरचा झरा

आमच्या रस्ते खात्यात त्यांना सगळे कॅमेराबाई म्हणायचे. खरं नाव रजेच्या अर्जावर तेवढं लागायचं. माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं. मध्ये एक पोलादी कपाट, आणि त्याचं दार उघडलं की आम्ही एकमेकींना दिसेनाशा व्हायचो. अशी जवळजवळ तीस वर्षं गेली. त्यामुळे त्यांच्याबद्दल सांगायचा थोडाफार हक्क मला आहे असं मी समजते. यातलं काही मी पाहिलं, बरंचसं त्यांनी सांगितलं, आणि तेही एका दमात कधी नाही. कधी चहाच्या वेळी, कधी फायलींना दोरा ओवताना.

त्यांचं काम असं. कुठं रस्ता रुंद व्हायचा असला की आखणीच्या आत येणारी प्रत्येक वस्तू पाडायच्या आधी तिचा फोटो घ्यायचा. भिंत, टपरी, विहीर, फाटक, जे असेल ते. चारी बाजूंनी एकेक फोटो. प्रत्येक फोटोत लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मोजकाठी उभी दिसली पाहिजे आणि खडूनं नंबर लिहिलेली पाटी वाचता आली पाहिजे. माणूस मात्र फोटोत येता कामा नये, असा नियम. बाई एका ठिकाणी चार मिनिटं घ्यायच्या. मिनिटाला एक बाजू. दिवसाला वीस-बावीस जागा उरकून साडेपाचला त्या ऑफिसात हजर असत, बुटांवर धूळ आणि चेहऱ्यावर काहीही नाही.

बाईंनी फोटो काढला की त्या वस्तूचं आयुष्य संपलं, अशी खात्यात थट्टा होती. एका निरोपसमारंभात आमचे हेडक्लार्क त्यांच्या कॅमेऱ्यासमोर उभं राहायलाच तयार होईनात. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही आखणीत येत नाही, घाबरू नका."

देवाधर्माच्या गोष्टी निघाल्या की मात्र त्या कपाटाचं दार उघडून फायली शोधायला लागायच्या. कोणाची टिंगल नाही, वाद नाही. फक्त दार उघडायचं. त्यामागचं कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

बाई बावीस वर्षांच्या असताना त्यांच्या धाकट्या बहिणीला ताप भरला. ती एकोणीस वर्षांची होती. अकरा दिवस ती हॉस्पिटलात होती आणि अकराही दिवस बाई एकट्या तिच्या उशाशी होत्या. वडील आधीच गेलेले, भाऊ शाळकरी. आई घरी, आतल्या खोलीत दार लावून प्रार्थनेला बसलेली. शेजारणी म्हणायच्या, केवढी श्रद्धा. बाई औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन जिने चढत-उतरत होत्या आणि आईची वाट बघत होत्या. आई आली नाही. बाराव्या दिवशी सकाळी बाई घरी गेल्या तेव्हा काही सांगायची गरज राहिली नव्हती. त्या दिवसापासून त्यांनी देवाशी बोलणं सोडलं आणि आईशीही कामापुरतंच ठेवलं. पुढं लग्न झालं, मुलगी झाली, ती शिकून नोकरीला लांबच्या शहरात गेली. आई भावाकडे राहायची. बाई महिन्यातून एका रविवारी फळं घेऊन जायच्या, अर्धा तास बसायच्या आणि यायच्या. कित्येक वर्षं हा क्रम चालू होता.

बाईंना पन्नासावं लागलं त्या वर्षी शहरापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंतचा अडतीस किलोमीटरचा रस्ता चौपदरी करायचं ठरलं. आखणीत दोनशे सोळा वस्तू येत होत्या. त्यातल्या त्रेचाळीस वस्तूंपुढं यादीत 'ध' लिहिलं होतं, म्हणजे धार्मिक. कुठं रस्त्याकडेची चुना लावलेली कबर, कुठं झाडाखालचा दगड, कुठं भिंतीतला दिव्याचा कोनाडा, कुठं बाकं टाकलेलं छोटंसं प्रार्थनाघर. साहेबांनी बाईंना बोलावून सांगितलं, की 'ध'च्या जागी फार रेंगाळू नका, लोक जमतात, प्रश्न विचारतात. पटकन काढा आणि निघा. बाईंना रेंगाळायची हौस नव्हतीच.

सत्त्याऐंशी नंबरला एक झरा होता. एका म्हाताऱ्या झाडाच्या मुळांशी पाणी वर यायचं, भोवती गुडघाभर उंचीचे दगड कोणीतरी कधीतरी रचलेले. बाई भर दुपारी तिथं पोचल्या तेव्हा एक म्हातारी झाडत होती. तिनं पाणी प्यायचं का विचारलं. बाई म्हणाल्या, वेळ नाही. मोजकाठी, पाटी, चार बाजू. म्हातारीला प्रत्येक वेळी बाजूला व्हायला सांगावं लागलं. चार मिनिटांत जीप पुढं निघाली.

आठवड्यानं साहेबांनी हाक मारली. त्यांच्यासमोर फोटोंची फाईल उघडी होती आणि ते हसत होते. खडूनं नंबर लिहिताना बाईंनी ८७च्या जागी ७८ लिहिलं होतं. अठ्ठ्याहत्तर नंबर म्हणजे सायकल दुरुस्तीची टपरी. त्यामुळे कागदोपत्री टपरीच्या जागी झरा वाहत होता. तोवरच्या एकवीस वर्षांच्या नोकरीत बाईंची ही पहिली चूक. त्यांना हसू आलं नाही. उद्याच जाऊन येते म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जीप गॅरेजला होती. बाईंनी पहाटेची पहिली बस धरली आणि सव्वासहाला त्या झऱ्यापाशी उतरल्या. उतरल्या खऱ्या, पण धुकं इतकं होतं की हात लांब केला तर बोटं पुसट दिसत होती. पाटीवरचा नंबर दोन पावलांवरून वाचता येईना. परतीची बस अकराला. म्हणजे थांबण्यावाचून इलाज नव्हता.

म्हातारी धुक्यातून आली, ओळखलंही तिनं. "बस गं बाई," म्हणाली, "ते काही दहाच्या आत हलत नाही." आणि झाडायला लागली.

बाई दगडावर बसल्या. पहिला अर्धा तास त्यांचा चडफडण्यात गेला. ऑफिसातली कामं मनात मोजून झाली. धुणं वाळत घालायचं राहिलं ते आठवलं. घड्याळ बघून बघून कंटाळा आला तेव्हा त्यांनी ते पर्समध्ये टाकलं. मग बघायला समोर पाण्याशिवाय काही उरलं नाही, कारण बाकी सगळं पांढरं होतं.

पाण्याच्या तळाशी बारीक वाळू होती. पाणी जिथून वर यायचं तिथली वाळू उचलली जायची, मुठीएवढी फुलायची आणि खाली बसायची. पुन्हा उचलली जायची. तीच वाळू, तीच जागा. तिथं ती किती वर्षं असं करत होती कोण जाणे. बाईंनी मला सांगितलं ते एवढंच, की ती वाळू बघता बघता त्या कधीतरी स्वतःशी बोलायच्या थांबल्या. डोक्यात एरवी जी सतत यादी चालू असते ती बंद पडली, आणि ती बंद पडली हे त्यांना बऱ्याच वेळानं कळलं. प्रकाश दिसला नाही, आवाज ऐकू आला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं ते मात्र त्यांना म्हातारीनं सांगितलं. तिनं तिचा लोटा पुढं केला. या वेळी बाई पाणी प्यायल्या.

त्यांनी म्हातारीला विचारलं, "ही जागा कुठल्या देवाची?"

"मी लग्न होऊन आले तेव्हा सासूला विचारलं होतं," म्हातारी म्हणाली. "तिलाही माहीत नव्हतं. तू झाडून घे म्हणाली."

दहा वाजून वीस मिनिटांनी धुकं उठलं. बाईंनी चार बाजूंचे चार फोटो घेतले. नंबर तीनदा तपासला. ते चार फोटो मी पाहिले आहेत. खात्याच्या नियमानं चोख, मोजकाठी सरळ, पाटी स्वच्छ. पण हातात घेतले की आपोआप आवाज खाली यावा, असे ते फोटो होते. साहेबांनी सुद्धा ते जरा जास्त वेळ हातात धरले आणि मग फायलीला लावले.

त्यानंतर बाईंचं काम मंदावलं. 'ध'ची जागा आली की त्या आधी कॅमेरा न काढताच बसायच्या. ड्रायव्हरदादांना हे फार मानवलं. ते जीपची सीट मागं पाडायचे आणि रुमाल तोंडावर घ्यायचे. एकदा बाईंनी त्यांची माफी मागितली, की माझ्यामुळे तुमचा खोळंबा होतो. दादा रुमालाखालून म्हणाले, "अहो बाई, तुम्ही आता शिकताय. माझी समाधी गेली तीस वर्षं लागतेय. माझा कोणी फोटो काढला नाही एवढंच."

एकशे बारा नंबरचं प्रार्थनाघर होतं. आत सात बाकं, भिंतीला उंचावर एकच खिडकी. बाईंनी तिथं तीन सकाळी काढल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की सूर्य त्या खिडकीतून तिसऱ्या बाकावर येतो आणि अकरा मिनिटं राहतो. त्या बाकाची फळी इतरांपेक्षा जास्त झिजलेली होती. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या लोक उबेसाठी तिथंच बसत आले होते. बाईंना ते फार आवडलं. देवाच्या घरी येऊनही माणसानं ऊन शोधावं, यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. एकशे चाळीसला एक दगड होता, कसलंही कोरीवकाम नसलेला. त्याच्यावरून मुंग्यांची रांग जायची ती वळसा न घालता, थेट माथ्यावरून. बाई ते दोन तास बघत बसल्या.

दर वेळी काही लाभायचं असं नाही. एका रविवारी त्या मुद्दाम बस पकडून झऱ्यावर गेल्या. मनात आशा, की त्या दिवशीसारखं व्हावं. काहीही झालं नाही. पायाला मुंग्या आल्या, डास चावले, आणि डोक्यात सगळा वेळ घरातला गळका नळ. आपण मूर्ख आहोत असं वाटून त्या परतल्या. मला सांगताना म्हणाल्या, "मी मागायला गेले होते ना. मागायला गेलं की माझं लक्ष हाताकडेच राहतं."

त्यांच्या मिस्टरांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. माणूस हसरा, बोटांना कायम तेलाचा वास. बायको पहाटे उठून झाडं-दगड बघायला जाते म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा डॉक्टरकडे जायचं का विचारलं. मग डबा भरून द्यायला लागले. एकदा मी घरी गेले होते तेव्हा माझ्यासमोर म्हणाले, "दगडाकडे दोन तास बघते ही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, माझ्याकडे सलग दोन मिनिटं बघितलं असेल तर शपथ."

"तुम्ही हलता," बाई म्हणाल्या.

ऑफिसात मात्र हे चालण्यासारखं नव्हतं. दिवसाच्या वीस जागांच्या नऊ झाल्या तेव्हा साहेबांनी विचारणा केली. बाईंनी कबूल केलं आणि तोडगाही सांगितला. 'ध'च्या जागी त्या ऑफिसच्या वेळेआधी, स्वतःच्या वेळात, बसनं जातील. बाकी जागा जीपनं, पहिल्याच वेगानं. साहेबांना नाही म्हणायला जागा राहिली नाही.

खरा खटका उडाला तो शेऱ्याच्या रकान्यावरून. प्रत्येक वस्तूच्या तक्त्यात शेवटी 'शेरा' असा रकाना असतो. तिथं आम्ही 'पडझड झालेली' किंवा 'वापरात नाही' एवढं लिहितो. बाई तिथं भलतंच लिहायला लागल्या होत्या. तक्ते टाइप करायला माझ्याकडे यायचे, म्हणून मला पाठ आहेत. 'सकाळी सहा ते सात चार माणसं येतात. दोन बायका, दूधवाला, एक निवृत्त मास्तर. एकमेकांशी बोलत नाहीत, पण एक जण आला नाही तर बाकीचे रस्त्याकडे बघतात.' किंवा, 'आतला दिवा कोण लावतं ते कळलं नाही. तीन दिवस आणखी लवकर पोचून पाहिलं. तिन्ही दिवस तो लागलेला होता.'

साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. म्हणाले, "बाई, आपल्याला बांधकामाची माहिती हवी आहे. माणसांची नाही."

बाई म्हणाल्या, "साहेब, माणसं काढून टाकली तर यादीत 'ध' कशाच्या आधारावर लिहायचं? नुसता दगड तर सगळीकडेच आहे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग तक्त्यावर सही केली आणि मला म्हणाले, की शब्द तेवढे कमी करा. मी दोन ठिकाणी 'आणि' काढला.

हे सगळं चालू असताना बाईंच्या भावजयीनं सहज सासूला सांगितलं, की ताई हल्ली देवाच्या जागी जातात. आईचं वय तेव्हा ऐंशीला टेकलेलं. पुढच्या रविवारी बाई फळं घेऊन गेल्या तर आई म्हणाली, मला ते फोटो बघायचेत. बाईंना मनातून राग आला. आता ही म्हणणार, आलीस ना शेवटी वळणावर. नाही म्हणायचं त्यांच्या ओठावर आलं होतं. पण एवढ्या वर्षांत आईनं त्यांच्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं, म्हणून त्या पुढच्या वेळी पाकीट घेऊन गेल्या.

आई खिडकीशी बसली, हातात भिंग. एकेक फोटो ती इतका वेळ बघत होती की भावजय मध्येच चहा ठेवून गेली तो निवला. कुठला देव, कुठलं गाव, काही विचारलं नाही. झऱ्याच्या फोटोपाशी थांबून तिनं विचारलं, "इथं तू बसली होतीस?"

"हो."

"किती वेळ?"

"चार तास असतील."

आईनं फोटो मांडीवर ठेवला. बाई म्हणतात, त्यांना वाटलं होतं आता उपदेश येणार. आई म्हणाली, "तेव्हा मी प्रार्थना करत नव्हते."

बाईंना आधी कळलंच नाही, की ही कधीचं बोलतेय. मग कळलं.

आई थांबत थांबत बोलली. अकरा दिवस ती त्या खोलीत होती हे खरं. पण पहिल्याच दिवशी तिच्या तोंडचे शब्द संपले. एकही आठवेना. लहानपणापासून पाठ असलेलंही नाही. आणि हॉस्पिटलात यायचं तर पोरीचं तोंड बघायची भीती वाटत होती. बाहेर आलं तर शेजारणी विचारतील, मग हॉस्पिटलात जावं लागेल. म्हणून ती दार लावून बसून राहिली. भिंतीत एक खिळा होता, त्याच्याकडे बघत. "लोक श्रद्धा म्हणत होते," आई म्हणाली. "मी भित्री होते. तू एकटी होतीस तिथं, मला माहीत होतं."

"मग पुढं रोज काय करायचीस आत?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. बसायचे. शब्द पुष्कळ वर्षांनी परत आले थोडे. पण बसायची सवय लागली होती. कधी कधी बरं वाटायचं. कधी काहीच नाही."

बाई घरी निघाल्या त्या अर्ध्या तासानं नाही, संध्याकाळी. त्या दिवशी त्या दोघी बहिणीबद्दल बोलल्या. तिला कुठला रंग आवडायचा यावर त्यांचं एकमत झालं नाही. राग लगेच गेला असं बाई म्हणत नाहीत. त्या म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षांचा राग. त्याला जायलाही वेळ लागणार." पण ज्या खोलीच्या दारावर त्या मनातल्या मनात इतकी वर्षं धडका देत होत्या, त्या खोलीत देवाशी गुजगोष्टी करणारी आई नव्हतीच. घाबरलेली एक बाई खिळ्याकडे बघत बसली होती. वाळूकडे बघत बसलेल्या बाईंना ते समजू शकलं. धुक्यातली ती सकाळ वाट्याला आली नसती तर आईचं बोलणं मी थोतांड म्हणून उडवून लावलं असतं, असं त्या स्वतःच म्हणाल्या.

रस्ता झाला. बाईंच्या शेऱ्यांनी तो अडला नाही, तशी कोणाची अपेक्षाही नव्हती. त्रेचाळीस जागांपैकी सदतीस गेल्या. पाच जागा लोकांनी स्वतः उचलून रस्त्याच्या कडेला नेल्या. राहिली ती झऱ्याची. तिच्या शेऱ्यात बाईंनी लिहिलं होतं, की पाणी बारा महिने सारख्या जोरानं येतं, उन्हाळ्यातही मोजून पाहिलं आहे. ते वाचून इंजिनिअर तपासायला आले आणि त्यांच्या ध्यानात आलं, की यावर भराव घातला तर रस्ता दोन वर्षांत खचेल. मग तिथं छोटी मोरी बांधली. झाड गेलं. दगड गेले. पाणी आता रस्त्याखालून येतं आणि पलीकडे सिमेंटच्या कुंडीत पडतं.

बाईंनी एक काम आपणहून केलं. त्रेचाळीसही जागांचे फोटो पुन्हा छापून घेतले आणि प्रत्येक जागा जे कोणी सांभाळत होतं त्यांना नेऊन दिले. त्यासाठी दोन महिन्यांचे रविवार लागले. काहींनी फोटो भिंतीला लावले, एकानं परत केला, जागा गेली तर कागद कशाला म्हणून. दिवा लावणारा माणूस तेव्हाही सापडला नाही. तो फोटो बाईंकडेच राहिला.

झऱ्याच्या म्हातारीनं चारही फोटो उलटसुलट करून बघितले आणि विचारलं, "यात मी कुठंय?"

बाईंनी नियम सांगितला. म्हातारीला नियम पटला नाही. तेव्हा बाईंनी तिला कुंडीपाशी उभं केलं आणि तिचा एक फोटो काढला, झाडूसकट. इतक्या वर्षांत त्यांनी कामाच्या कॅमेऱ्यानं काढलेला माणसाचा तो पहिला फोटो, निरोपसमारंभ सोडले तर. म्हातारी मोरीच्या तोंडाशी झाडत होती. दगड गेले, झाड गेलं, वाईट नाही वाटत का, असं बाईंनी विचारलं. वाटतं की, ती म्हणाली, सावली गेली, आता टोपी घालावी लागते. आणि पुन्हा कामाला लागली.

बाई निवृत्त झाल्या त्याला आता चार वर्षं होतील. स्वतःचा कॅमेरा घेतला आहे. डोंगराकडे, तळ्याकाठी, कुठल्या जुन्या प्रार्थनाघरात, आठवड्यातून दोन दिवस त्या बाहेर असतात. मध्यंतरी एका मंडळानं त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. तिथं एका गृहस्थानं त्यांना विचारलं, की तुम्ही आस्तिक की नास्तिक. बाई म्हणाल्या, "मी सकाळची बस पकडते." गृहस्थांना वाटलं, बाईंना ऐकू कमी येतं. त्यांनी प्रश्न पुन्हा मोठ्यानं विचारला.

मी एकदा त्यांच्याबरोबर तळ्यावर गेले. खरं सांगायचं तर मी कंटाळले. तीन तासांत त्यांनी एकच फोटो काढला, तोही पाण्यात वाकलेल्या एका काडीचा. मी चार वेळा घड्याळ बघितलं आणि दोनदा डुलकी काढली. परतताना बसमध्ये मी धीर करून विचारलं, की एवढं सगळं करून नेमकं काय सापडलं तुम्हाला.

त्या म्हणाल्या, "शांत बसता यायला लागलं. आधी मला वाटायचं, मी बसले की ती सगळी अकरा दिवसांची रांग येऊन उभी राहील. येते ती. अजूनही येते. पण आता मी उठून पळत नाही."

हल्ली त्या आईलाही नेतात, महिन्यातून एकदा. आईला चालवत नाही फार, म्हणून मिस्टर दुकान बंद ठेवून रिक्षा सांगतात आणि स्वतःही जातात. तिघं तळ्याकाठी बसतात. आई स्वेटर, शाल, कानाला रुमाल अशी जय्यत. मिस्टर बरोबर एखादं बिघडलेलं मशीनचं डोकं नेतात आणि तिथंही स्क्रू काढत बसतात. त्याचा आवाज होतो, बाईंचं लक्ष मोडतं, आणि परत येईपर्यंत यावरून दोघांचं चालतं. मागच्या खेपेला आईनं जावयाची बाजू घेतली असं ऐकलं.